न उतरण्याचे शिक्षण

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून चार ओळींची एक बातमी येते. प्रशिक्षणार्थी विमान उतरताना धावपट्टीवरून घसरले, पुढचे चाक मोडले, विद्यार्थी सुखरूप. शेवटचे दोन शब्द वाचून वाचकाला हायसे वाटते आणि पान उलटले जाते. जीवितहानी झाली नाही, मग त्यात वाचण्यासारखे उरले काय, असा हा साधा हिशेब असतो. बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाने मात्र यापुढे हे पान इतक्या घाईने उलटू नये, अशी परिस्थिती निर्माण झाली आहे.

या जिल्ह्याला नियमित प्रवासी विमानसेवा नाही. परंतु मुंबई-हावडा लोहमार्गावर मलकापूर किंवा शेगाव येथे गाडीत बसून पश्चिमेला गेले की जळगाव लागते. तेथील विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये झाले आणि २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाणशिक्षणाच्या संस्थांसाठी देशातील जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगावचा समावेश झाला. त्यापलीकडे धुळे आणि शिरपूर येथे असे शिक्षण पूर्वीपासून दिले जात आले आहे. १९२८ साली जुहू येथे सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबनेही पुढे आपल्या उड्डाणशिक्षणासाठी धुळ्याचीच वाट धरली. पूर्वेला अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि त्याच ठिकाणी वैमानिकांची मोठी प्रशिक्षण संस्था उभारण्याचा संकल्प एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केला. थोडक्यात, विमान चालविण्याची विद्या बुलढाण्याच्या दोन्ही अंगांना, काही तासांच्या अंतरावर येऊन ठेपली आहे. खामगाव, चिखली, मेहकर येथील कनिष्ठ महाविद्यालयांतून पदार्थविज्ञान आणि गणित घेऊन बारावी झालेला विद्यार्थी आता वैद्यकी आणि अभियांत्रिकी यांच्या जोडीला या तिसऱ्या वाटेचाही विचार करू शकतो.

ही वाट स्वस्त नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते आणि त्यापैकी १०० तास विद्यार्थ्याने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून केलेले असावे लागतात. एकूण खर्च अर्ध्या कोटीच्या आसपास जातो. मध्यमवर्गीय कुटुंबात ही रक्कम कर्ज काढून, घर तारण ठेवून, प्रसंगी शेताचा तुकडा विकून उभी केली जाते. विद्यार्थी विमानात एकटा बसतो तेव्हाही या साऱ्या व्यवहाराचे ओझे त्याच्याबरोबर असते. उतरतानाच्या अपघाताचा विचार करताना हे ओझे विसरून चालणार नाही.

अपघातांचे दोन प्रकार

गेल्या काही वर्षांत प्रशिक्षण विमानांच्या अपघातांनी महाराष्ट्राचे आणि शेजारच्या मध्य प्रदेशाचे लक्ष वारंवार वेधले. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळच्या डोंगराळ भागात शिरपूरहून निघालेले एक विमान कोसळले. प्रशिक्षक मृत्युमुखी पडले. जखमी विद्यार्थिनीला त्या दुर्गम जागेतून आदिवासी गावकऱ्यांनी झोळी करून बाहेर आणले. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून उडालेले विमान बालाघाट जिल्ह्यात कोसळून प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही दगावले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात १९ आणि २२ तारखेला, म्हणजे चार दिवसांच्या आत, एकाच संस्थेची दोन विमाने अपघातग्रस्त झाली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण स्थगित केले.

अशा मोठ्या अपघातांची चर्चा होते, ती झालीही पाहिजे. परंतु प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत संख्येने सर्वांत अधिक अपघात होतात ते विमान जमिनीला टेकताना, आणि त्यांत माणसे क्वचितच मरतात. नेमक्या याच कारणाने ते दुर्लक्षित राहतात. चाक मोडते, पंखा वाकतो, संस्था विमा कंपनीकडे दावा करते आणि विद्यार्थी आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उडू लागतो. परंतु हा प्रकार नेहमीच इतका निरुपद्रवी राहत नाही. ३ जानेवारी २०२० रोजी मध्य प्रदेशातील सागरजवळ धाना येथील धावपट्टीवर, रात्रीच्या वेळी दृष्टी अंधूक असताना उतरण्याच्या प्रयत्नात एक प्रशिक्षण विमान कोसळले आणि प्रशिक्षक व विद्यार्थी दोघेही प्राणास मुकले. चाक मोडण्याची घटना आणि प्राणघातक घटना यांच्यामधील अंतर पुष्कळदा काही सेकंदांचे आणि काही फुटांचे असते.

उतरणीची कसोटी

विमान वर नेण्यापेक्षा खाली आणणे अवघड का, हे समजून घेणे फारसे कठीण नाही. जगात सर्वाधिक बनविले गेलेले शिकाऊ विमान म्हणजे सेस्ना १७२. १९५५ साली त्याचे पहिले उड्डाण झाले आणि आजवर अशी ४४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली. हे चार आसनी विमान धावपट्टीकडे येताना ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने येते. वेग फार घटला तर पंखांना हवेचा आधार पुरत नाही आणि विमान एकाएकी खाली बसते. वेग अधिक राहिला तर ते जमिनीला टेकायलाच तयार होत नाही, धावपट्टीवरून तरंगत पुढे जात राहते.

जमीन दहा-वीस फुटांवर आली की विद्यार्थ्याने विमानाचे नाक हळूहळू वर उचलून उरलेला वेग संपवायचा आणि मागची दोन चाके आधी टेकवायची असतात. वैमानिक याला फ्लेअर म्हणतात. यासाठी कोणतेही उपकरण कामी येत नाही. दृष्टी धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे ठेवून उंचीचा अंदाज डोळ्यांनीच घ्यावा लागतो. नाक लवकर उचलले तर विमान अधांतरी वेग गमावते आणि धाडकन आदळते. उशीर झाला तर पुढचे चाक आधी टेकते आणि विमान उसळी घेते. येथे नवशिक्याची स्वाभाविक प्रतिक्रिया घातक ठरते. विमान वर उसळले म्हणून तो नाक खाली दाबतो. त्यामुळे दुसरी आदळ पहिलीपेक्षा जोरात बसते, तिसरी त्याहून जोरात. चौथ्या खेपेपर्यंत पुढच्या चाकाचा दांडा बहुधा मोडलेला असतो. हा सारा खेळ काही सेकंदांत आटोपतो. आडवा वारा असेल तर अडचण दुप्पट होते, कारण विमानाचे तोंड धावपट्टीच्या रेषेत ठेवायचे आणि त्याच वेळी वाऱ्याच्या दिशेचा पंख किंचित झुकवून ते बाजूला वाहू द्यायचे नाही, अशी दोन कामे दोन पायांना आणि दोन हातांना वेगवेगळी करावी लागतात.

त्यात वऱ्हाड-खानदेशच्या उन्हाळ्याची भर पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीच्या मैदानात दुपारी तापमान ४३ अंशांवर गेले की हवा इतकी विरळ होते की, विमानाच्या दृष्टीने ती मानक हवामानातील सुमारे १४०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी असते. म्हणजे पूर्णाकाठच्या सपाट मैदानात वैमानिकाला महाबळेश्वराच्या उंचीवरील हवेत उतरावे लागते. वेगदर्शक काटा नेहमीचाच आकडा दाखवितो. परंतु समुद्रसपाटीवरील मानक हवेच्या तुलनेत जमिनीवरून जाणारा प्रत्यक्ष वेग सुमारे ७ टक्क्यांनी आणि थांबविण्याची ऊर्जा सुमारे १५ टक्क्यांनी वाढलेली असते. तापलेल्या काळ्या शेतावरून विमान वर ढकलले जाते, पुढच्या हिरव्या पट्ट्यावर ते अकस्मात खाली बसते. मे महिन्यात दुपारी शेतातून उठणाऱ्या वावटळी पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. म्हणूनच शहाण्या संस्था नवशिक्यांचे उड्डाण पहाटे आणि सकाळी उरकतात.

फेर घेण्याचा संकोच

या सर्व अडचणींवर विमानविद्येने एक उपाय फार पूर्वीच शोधून ठेवला आहे आणि तो अत्यंत साधा आहे. उतरण जमत नाही असे वाटताच इंजिनाला पूर्ण शक्ती द्यावी, उतरण्याचा विचार सोडून द्यावा, पुन्हा वर जाऊन एक फेरी मारावी आणि नव्याने यावे. याला गो-अराऊंड म्हणतात. पाटीवरचे चुकलेले गणित पुसून ते पुन्हा मांडावे, तसाच हा प्रकार आहे. राजूर घाटातल्या वळणावर एस. टी.चा चालक एका दमात गाडी वळत नाही असे पाहून ती थोडी मागे घेतो आणि पुन्हा वळवितो, तेव्हा कोणताही उतारू त्याला अडाणी म्हणत नाही. किंबहुना त्याच्या हाती आपण सुरक्षित आहोत, याचीच त्याला खात्री पटते.

वैमानिकाच्या बाबतीत मात्र ही गोष्ट वाटते तितकी सहज घडत नाही. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेने मोठ्या प्रवासी विमानांचा अभ्यास केला. वेग, उंची किंवा दिशा नियमात बसत नसतानाही, म्हणजे उतरण अस्थिर असतानाही, गो-अराऊंड करणाऱ्या वैमानिकांचे प्रमाण जेमतेम ३ टक्के असल्याचे त्या अभ्यासातून दिसले. बाकीचे सारे तसेच पुढे जाऊन उतरले. त्यांपैकी बहुतेकांचे काही बिघडले नाही हे खरे. परंतु बिघडले नाही म्हणून ते योग्य ठरले, असे मानण्याची सवय हेच अपघाताचे बीज असते. हजारो तासांचा अनुभव असलेल्या माणसांची ही स्थिती असेल, तर वीस तास उडालेल्या, एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडून अधिक धैर्याची अपेक्षा कशी करावी?

त्याच्या संकोचाची कारणे उघड आहेत. धावपट्टीच्या कडेला त्याचे सोबती उभे असतात, प्रशिक्षक खालून पाहत असतो, मागे दुसरे विमान उतरण्यासाठी आपली पाळी धरून असते. पैशाचा हिशेबही डोक्यात असतो. वास्तविक हा हिशेब तपासून पाहिला तर तो चुकीचा ठरतो. विमानतळाभोवतीची एक फेरी साधारण सहा-सात मिनिटांची असते. खर्चाच्या मानाने तिची किंमत अडीच-तीन हजार रुपये भरते. शिवाय ही मिनिटे वाया जात नाहीत. २०० तासांच्या नोंदीत तीही धरली जातात. याउलट मोडलेले चाक, वाकलेला पंखा आणि त्यापायी तपासावे लागणारे इंजिन यांचा खर्च लाखांत जातो आणि विमान कित्येक आठवडे जमिनीवर राहिल्यामुळे साऱ्या तुकडीचे शिक्षण खोळंबते.

तेव्हा खरा अडसर पैशाचा नसून लाजेचा आहे, आणि ही लाज विमानतळावर जन्माला येत नाही. ती विद्यार्थी घरातून आणि शाळेतून घेऊन येतो. पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्याचा सत्कार होतो. एखादे वर्ष थांबून अधिक तयारीने परीक्षेला बसणाऱ्याची नातेवाइकांत कुजबुज होते. फळ्यासमोर उभा केलेला मुलगा उत्तर येत नसताना "येत नाही" असे म्हणण्याऐवजी काहीतरी ठोकून देतो, कारण गप्प राहण्यापेक्षा चुकणे कमी अपमानाचे ठरते हे त्याने अनुभवाने ओळखलेले असते. वर्गात या सवयीने फार तर दोन गुण जातात. धावपट्टीवर ती सवय जिवावर बेतू शकते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षणीय नाही. काही अनुभवी प्रशिक्षक म्हणतील की, विद्यार्थ्याला ऊठसूट माघार घेण्याची मुभा दिली तर तो उतरायला शिकणार कधी? शिवाय फेर घेण्याची क्रिया स्वतःही निर्धोक नाही. जमिनीपासून थोड्या उंचीवर, वेग कमी असताना इंजिनाला एकदम पूर्ण शक्ती दिली की विमानाचे नाक वर उसळते आणि ते डावीकडे ओढले जाते. हात-पाय तयार नसतील तर तेथेही विमान कोसळते. हे सर्व खरे आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष आक्षेपकांच्या विरुद्ध बाजूचा आहे. जी क्रिया अवघड आहे आणि संकटात हमखास लागणार आहे, ती संकटापूर्वीच सवयीची झाली पाहिजे. फेर घेणे हा अभ्यासक्रमातला एक सोपस्कार म्हणून एकदोनदा दाखवून चालणार नाही. पहिल्या एकट्याच्या उड्डाणापूर्वी विद्यार्थ्याकडून प्रत्येक उंचीवरून, प्रत्येक अवस्थेतून आणि उसळी घेतल्यानंतरही ती क्रिया अनेकवार करवून घेतली पाहिजे. उसळीनंतर नाक दाबण्याची स्वाभाविक प्रवृत्ती दुसऱ्या एका सवयीनेच जिंकता येते. व्याख्यानाने ती जिंकता येत नाही.

लपलेल्या चुका

प्रश्न केवळ विद्यार्थ्याच्या मनाचा मात्र नाही. संस्था ज्या गोष्टी मोजते, त्याच विद्यार्थ्याला महत्त्वाच्या वाटतात. तास मोजले जातात, परवाने मोजले जातात, अपघात मोजले जातात. वेळीच सोडून दिलेली उतरण कोणी मोजत नाही, आणि आदळली पण मोडली नाही अशी उतरण तर कोणाला कळतही नाही.

अशा लपलेल्या चुकांची किंमत अमेरिकेला १ डिसेंबर १९७४ रोजी मोजावी लागली. त्या दिवशी वॉशिंग्टनच्या बाजूला उतरण्यासाठी येणारे टीडब्ल्यूए कंपनीचे विमान व्हर्जिनियातील डोंगरावर आदळून ९२ माणसे ठार झाली. चौकशीत असे आढळले की, त्याआधी सुमारे सहा आठवडे दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांनी त्याच ठिकाणी तीच चूक केली होती आणि ते थोडक्यात बचावले होते. त्यांनी ती गोष्ट आपल्या कंपनीला सांगितली. बाहेर ती पोहोचलीच नाही. त्यातून १९७६ मध्ये एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिकाने आपली चूक नासा या संस्थेला कळवायची, तेथे त्याचे नाव पुसून टाकले जाते, आणि चूक अजाणता झालेली असेल तर सामान्यतः शिक्षा होत नाही. ती व्यवस्था आजही चालू आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ साली स्वीकारलेल्या अपघात-चौकशीच्या नियमांचे सूत्रही हेच आहे: चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा असावा, दोषी शोधणे हा नसावा.

भारतातही अपघातांच्या चौकशीसाठी २०१२ पासून स्वतंत्र विभाग आहे, त्याचे अहवाल प्रसिद्ध होतात आणि स्वेच्छेने चूक कळविण्याची तरतूदही आहे. २०२५ मध्ये महासंचालनालयाने देशातील उड्डाण संस्थांची श्रेणीवार यादी प्रथमच प्रसिद्ध केली. तीत एकाही संस्थेला वरच्या दोन श्रेणींत स्थान मिळाले नाही. १३ संस्था मधल्या आणि २२ संस्था खालच्या श्रेणीत राहिल्या. यादी जाहीर झाली हे उत्तमच झाले. परंतु तिला खरा उपयोग यायचा असेल तर प्रत्येक संस्थेने आपल्या आदळलेल्या उतरणी, धावपट्टीबाहेर गेलेली विमाने आणि वेळीच सोडून दिलेल्या उतरणी यांची नोंद ठेवून ती विद्यार्थ्यांपुढे मांडली पाहिजे. ज्या संस्थेत फेर घेतल्याच्या नोंदी जवळजवळ नाहीतच, तेथील विद्यार्थी फार कुशल आहेत असा अर्थ काढण्यापूर्वी ते भितात काय, हे आधी पाहिले पाहिजे.

पालकांचे काम

या बाबतीत गावात बसलेल्या पालकाला काही करता येणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. संस्थेत पैसे भरण्यापूर्वी वसतिगृह आणि नोकरीची हमी यांची चौकशी होतेच. तिच्या जोडीला चार प्रश्न आणखी विचारावेत. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत? उडण्यायोग्य विमाने प्रत्यक्षात किती? उन्हाळ्यात नवशिक्यांची उड्डाणे कोणत्या वेळी होतात? आणि एकट्याने उडण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून फेर घेण्याचा सराव किती वेळा करवून घेतला जातो? शेवटच्या प्रश्नाला जी संस्था सरळ उत्तर देईल, ती बहुधा बाकीच्या बाबतीतही सरळ असेल.

दुसरे काम त्याहून घरगुती आहे. मुलगा किंवा मुलगी दूरध्वनीवर बोलते तेव्हा तास किती झाले, परवाना केव्हा मिळणार, सोबतचा मुलगा पुढे कसा गेला, एवढेच प्रश्न विचारले गेले तर तिकडे विमानात बसलेल्या जिवाला घाईचाच संदेश पोहोचतो. आज उतरण जमेना म्हणून दोनदा फेर घेतला, असे त्याने सांगितले तर त्याला "बरे केलेस" असे मनापासून म्हणणारे माणूस घरात असले पाहिजे. शिक्षकांनीही वर्गात "येत नाही, पुन्हा करून पाहतो" असे म्हणणाऱ्या मुलाला खाली बसविण्याऐवजी पुन्हा फळ्याकडे पाठवावे. त्या मुलांपैकी फारच थोडी पुढे वैमानिक होतील. परंतु जी होतील, त्यांच्या मागच्या आसनांवर एके दिवशी दीड-दोनशे माणसे बसलेली असतील, आणि धावपट्टी समोर दिसत असताना ती सोडून वर जाण्याचा निर्णय त्यांना दोन सेकंदांत घ्यावा लागेल.